कोनाड्यातली उरलेली औषधे

खेड्यातील घर लहान असो वा मोठे, त्यात औषधांचा एक डबा हमखास आढळतो. बहुधा तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. कोणी तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवितात, कोणी फ्रीजच्या माथ्यावर. आणि आपल्यातील पुष्कळ घरी तर पवित्र हृदयाच्या तसबिरीखालील कोनाड्यात, जपमाळा व मेणबत्त्या यांच्या शेजारीच, त्याची जागा ठरलेली असते. हा डबा उघडून पाहावा. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात. आजोबांना जाऊन दोन वर्षे झालेली असतात. ताप उतरला म्हणून सोडून दिलेल्या गोळ्यांपैकी तीन असतात. तोंडाशी साखर धरलेली खोकल्याची अर्धी बाटली असते, डोळ्यांत घालावयाचे थेंब असतात, पोटातून पिळून वाकडे झालेले मलम असते. टाकून देववत नाही, कारण रोख पैसे मोजलेले असतात; वापरवत नाही, कारण कशावरचे ते कोणास आठवत नाही. मग झाकण पुन्हा लागते, आणि पुढच्या आजारपणात त्या डब्यात आणखी चार वस्तूंची भर पडते.

हा डबा निरुपद्रवी आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी छिंदवाड्याची हकिकत ध्यानात घ्यावी. छिंदवाडा हा मध्य प्रदेशातील जिल्हा आपल्या नागपूर जिल्ह्यास लागून आहे. २०२५ च्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत तेथील परासिया भागात सर्दीखोकल्याने आजारी पडलेली लहान मुले एकाएकी अत्यवस्थ होऊ लागली. मुलांची लघवी बंद होई, मूत्रपिंडे निकामी होत. कित्येकांना नागपूरच्या इस्पितळांत आणण्यात आले. वीसहून अधिक बालके दगावली. ‘कोल्ड्रिफ’ नावाचे खोकल्याचे औषध त्यांना देण्यात आले होते. ते तामिळनाडूत तयार झालेले होते, व तेथील सरकारी तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कारखान्यात वापरावयाचे एक विषारी द्रव्य, आढळले. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी मध्य प्रदेश सरकारने त्या औषधाच्या विक्रीस बंदी केली.

या शोककथेत घरच्यांचा यत्किंचितही दोष नव्हता. तिचा उल्लेख आम्ही करतो तो बंदीनंतर जे घडले त्यासाठी. दुकानातील बाटल्या जप्त करणे सोपे होते. त्यांची नोंद वहीत असते. परंतु ज्या बाटल्या अगोदरच विकल्या गेल्या होत्या, ज्यांतले दोनचार चमचे वापरून उरलेले औषध कोणत्या तरी फळीवर ठेवून दिलेले होते, त्यांचे काय? त्यांची वही कोठेही नव्हती. अखेर घरोघर माणसे धाडून त्या बाटल्या परत गोळा कराव्यात असा आदेश काढणे सरकारला भाग पडले. दुकानात औषधावर सरकारचे लक्ष असते, इस्पितळात परिचारिकेचे असते. घरातील डब्यावर मात्र कोणाचेच नसते.

शिल्लक टाकू नये ही आपली जुनी शिकवण. कालच्या भाताचा आज फोडणीचा भात होतो, फाटक्या लुगड्याची गोधडी होते. ही काटकसर उत्तम आहे, आणि तिच्यावरच आपल्या वाडवडिलांनी संसार केले. परंतु औषध हा शिधा नव्हे. डॉक्टरांनी ते एका माणसास, एका आजारासाठी, ठरावीक दिवसांपुरते दिलेले असते. त्या माणसाचे वय, वजन, दुसरी चालू औषधे, स्त्री असल्यास तिचे गरोदरपण, एवढ्याचा विचार त्या चिठ्ठीमागे असतो. तीच गोळी शेजारणीस ‘मला गुण आला’ म्हणून दिली की हा सारा विचार गळून पडतो.

ज्या औषधांवर आपण ‘अँटिबायोटिक’ म्हणून विश्वास टाकतो, त्यांच्या बाबतीत तर शिल्लक उरणे हीच मुळात चूक होय. सात दिवसांच्या गोळ्यांतून तीन उरल्या याचा अर्थ बहुधा असा की, रोग्याने डॉक्टरांना न विचारता औषध सोडले. आणि पुढे पावसाळ्यात घरातील दुसऱ्या कोणास ताप आला की त्या तिनांचाच उपयोग होतो. तो ताप जंतूंमुळे आलेला असेल वा नसेल. तीन गोळ्यांनी तो बरा होत नाही, पण शरीरातील जंतू मात्र त्या औषधास सरावतात. भारत सरकारने २०१६ साली लोकांस एक खूण शिकविण्याची मोहीम काढली होती: ज्या गोळ्यांच्या पाकिटावर उभी तांबडी रेघ आहे, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. वाचकांनी आजच आपला डबा उघडून किती पाकिटांवर ही रेघ दिसते ते मोजावे.

मुदतीविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. पुष्कळजण म्हणतात, ‘तारीख उलटली तरी औषध थोडेच विष होते?’ बहुतेक औषधांच्या बाबतीत हे अर्धसत्य आहे. ती निर्बळ होतात. परंतु हृदयविकाराचा किंवा फिट्सचा रोगी निर्बळ गोळीवर विसंबून राहिला, तर ते विषाहून कमी घातक म्हणता येत नाही. शिवाय काही औषधे खरोखरच बिघडतात. १९६३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली की, ज्यांची मूत्रपिंडे टेट्रासायक्लिनच्या मुदत संपून बिघडलेल्या गोळ्यांनी दुखावली होती. आणि छापलेली तारीख खरी ठरते ती औषध सांगितल्याप्रमाणे थंड व कोरड्या जागी ठेवले तर. आमच्या पत्र्याच्या छपराखाली वैशाखात काय उष्मा होतो हे वाचकांना आम्ही सांगावयास नको. डोळ्यांत घालावयाच्या थेंबांची गोष्ट तर निराळीच आहे. बाटली एकदा फोडली की साधारणतः महिन्याभरात ती टाकावी लागते, मग वरची तारीख काहीही असो.

आता ज्यांचे मन उदार आहे त्यांचा विचार करू. ‘ठेवू नये हे पटले, मग एखाद्या गरिबास का देऊ नये?’ आपल्या धर्मग्रामांत ही भावना सहज उमटते. दानपेटीत जुन्या कपड्यांबरोबर औषधांच्या पुड्याही येऊन पडतात. देणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, पण अशा दानाचा मोठा अनुभव जगाला आलेला आहे आणि तो कडू आहे. १९९२ ते १९९६ या काळात बॉस्निया देशात युद्ध चालू असता युरोपातील दयाळू लोकांनी तेथे औषधांचे डोंगर पाठविले. पुढे डॉक्टरांनी हिशेब केला तेव्हा दिसले की त्यांतील सुमारे १७,००० टन औषधे निरुपयोगी होती; मुदत संपलेली, अर्धवट वापरलेली, कोणास वाचता न येणाऱ्या भाषेतील. युद्धाने पोळलेल्या त्या देशावर ती साठविण्याचा व नष्ट करण्याचा भार पडला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत स्पष्ट सांगितले आहे की, रोग्यास एकदा देऊन परत आलेले औषध दानात पाठवू नये, आणि पाठविलेल्या औषधाची निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. फ्रान्समध्ये औषधांच्या दुकानांतून लोकांची उरलेली औषधे १९९३ पासून गोळा होतात. त्यांतली काही पूर्वी गरीब देशांना धाडली जात. २००८ च्या अखेरीस ती प्रथा बंद झाली; तेव्हापासून गोळा झालेले सर्व औषध जाळून नष्ट करितात.

घरी न फोडलेले, मुदतीतले, महागडे औषध उरले असेल तर ते आपल्या धर्मभगिनींच्या दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना दाखविण्यास हरकत नाही. घ्यावयाचे की नाही हे त्यांनी ठरवावे, आणि त्यांनी नको म्हटले तर वाईट वाटून घेऊ नये. परस्पर वाटप मात्र कोणीही करू नये. गरिबाचे मूत्रपिंड श्रीमंताच्या मूत्रपिंडाहून अधिक बळकट असते असे नाही.

तेव्हा टाकणे आले. पण टाकावे कोठे? सर्वसाधारणपणे तीन जागा ठरलेल्या आहेत: मोरी, उकिरडा व चूल.

मोरीत किंवा संडासात ओतलेले औषध दिसेनासे होते, नाहीसे होत नाही. शहरातील सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रे मैला काढतात. औषधांतील कित्येक द्रव्ये त्यांतून निसटतात. खेड्यात तर यंत्रही नसते. शोषखड्ड्यापासून विहीर किती हातांवर आहे, ते ज्याचे त्याने मोजावे. हैदराबादजवळ पटनचेरू येथे औषधांच्या पुष्कळ कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करून सोडले जाई. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या ‘शुद्ध’ पाण्याच्या एका लिटरात सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. हे कारखान्याचे पाप होते, घरच्या मोरीचे नव्हे, आणि या दोहोंची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. औषधांचा बराच अंश मनुष्याच्या शरीरातूनच मलमूत्रावाटे पाण्यात जातो, हेही खरे. तो आपण थांबवू शकत नाही. डब्यातला थांबवू शकतो.

उकिरड्यावर टाकलेली गोळी कोंबडी टिपते, कुत्रे चाटते, आणि रंगीत असेल तर पोर उचलते. मुक्या प्राण्यांवरून आठवण झाली म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या वडील वाचकांनी गावाबाहेर मेलेल्या ढोरावर गिधाडांचे थवे उतरताना पाहिले असतील. ती गिधाडे गेली कोठे? १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. साथ आली असावी असा प्रथम समज होता. २००४ साली खरे कारण उघडकीस आले: डायक्लोफिनॅक. अंगदुखीवर आपण घेतो तेच औषध गुरांना टोचले जात होते. गूर मेल्यावर त्याच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटी जाई व त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद झाले. पण लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या आणून त्यांतून गुरांना टोचीत राहिले, तेव्हा २०१५ साली माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटलीही ३ मिलिलिटरांहून मोठी असू नये असा नियम करावा लागला. घरी उरलेले अंगदुखीचे औषध बैलास देऊन ‘सत्कारणी’ लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

चुलीत टाकण्याविषयी इतकेच सांगतो की, गोळ्यांच्या पाकिटाचे प्लॅस्टिक व ॲल्युमिनियम चुलीच्या विस्तवात नीट जळत नाही, आणि त्याचा विषारी धूर स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो. इस्पितळांतील कचरा जाळणाऱ्या भट्टीत धुराचा भाग १०५० अंश सेंटिग्रेडच्या आसपास ठेवावा लागतो. हे काम चुलीचे नव्हे. दम्याचा फवारा तर विस्तवात टाकला असता स्फोट होतो.

मग याची नीट व्यवस्था लागते तरी कोठे? ज्यांचे आप्त इंदुरास आहेत त्यांना ती तेथे पाहावयास मिळेल. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. राजवाड्याकडून पश्चिमेस निघालेला रस्ता मल्हारगंजातून बडा गणपतीच्या चौकास येऊन मिळतो. सुमारे २५ फूट उंचीच्या गणेशमूर्तीवरून या ठिकाणास हे नाव पडले. चौकात रहदारी अखंड असते. आतल्या गल्ल्या मात्र जुन्या व अरुंद आहेत. इंदुरातील इतर वस्त्यांप्रमाणेच येथेही कचऱ्याची गाडी गाणे वाजवीत दारोदार येते. घरच्या बाईने ओला कचरा एका कप्प्यात टाकावयाचा, सुका दुसऱ्यात, प्लॅस्टिक निराळे, विजेच्या मोडक्या वस्तू निराळ्या, लंगोट व पट्ट्या निराळ्या. आणि एक कप्पा घरातील घातक कचऱ्याचा. मुदत संपलेली औषधे या शेवटच्या कप्प्यात जातात. सहा प्रकार ऐकून बाहेरचा मनुष्य गोंधळतो, पण तेथील शाळकरी मूलसुद्धा चुकत नाही. स्वच्छतेच्या राष्ट्रीय पाहणीत २०१७ ते २०२३ अशी ओळीने सात वर्षे इंदुरास पहिला क्रमांक मिळाला. सातव्या वर्षी तो सुरतेसह विभागून होता.

या शहराचे कचऱ्याशी नाते आजचे नाही. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून येथे आले होते. त्यांचा अहवाल १९१८ साली छापला गेला. प्लेगने गांजलेल्या शहराला घरे झाडावयास लावण्यासाठी त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढविली. जी आळी सर्वांत स्वच्छ तिच्यातून मिरवणूक जाणार असे जाहीर झाले. तीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि झाडूवाले स्वच्छ कपडे घालून, गळ्यात हार घालून चालले होते. पुढे १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या शेतकी संस्थेत पालापाचोळा व शेण यांपासून खत करण्याची पद्धत बसविली. यशवंत वाड या मराठी सहकाऱ्यासह त्यांनी १९३१ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर पसरली. आमच्या शेतकरी वाचकांपैकी जे थर रचून कंपोस्ट करतात, ते याच पद्धतीचे वारस होत.

आणि येथेच औषध वेगळे ठेवण्याचे मर्म आहे. खत होते ते जंतूंच्या कामाने. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी इंदुरात सुरू झालेला वायूचा कारखाना रोज ५५० टनांपर्यंत ओल्या कचऱ्यातून इंधन काढू शकतो, तोही जंतूंच्याच बळावर. अँटिबायोटिक हे जंतू मारण्यासाठीच जन्मास आलेले असते. खताच्या खड्ड्यात किंवा गोबरगॅसमध्ये ते टाकणे म्हणजे ज्या गड्यांकडून काम घ्यावयाचे त्यांच्याच भाकरीत विष कालविणे होय. शिवाय जे जंतू त्यातून जगतात ते औषधास दाद न देणारे होतात, आणि ते खत आपण भाजीला घालतो.

इंदूर म्हणजे स्वर्ग असे मात्र कोणी समजू नये. २०२५ च्या अखेरीस त्याच शहराच्या भागीरथपुरा वस्तीत सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या नळात मिसळले, रोगाची साथ पसरली आणि माणसे मृत्युमुखी पडली. कचऱ्याच्या गाड्या नीट चालत असताही जमिनीखालचा नळ फुटू शकतो. गटारात गेलेली वस्तू कायमची गेली, या समजुतीवर एवढ्या नावाजलेल्या शहरालाही विसंबता आले नाही.

आपल्या खेड्यांत दारी गाडी येत नाही, आली तरी तीत असा कप्पा क्वचितच असतो. कायद्याचे म्हणाल तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात गणली, ती ओल्यासुक्यापासून वेगळी ठेवण्याचे काम घरमालकावर टाकले, आणि ती स्वीकारण्यासाठी केंद्रे काढण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपविले होते. घरमालक व स्थानिक संस्था या दोघांनीही ते कितपत केले याचा अनुभव वाचकांस आहेच. परंतु खेड्याला हे जमतच नाही असेही नाही. केरळात २०२५ साली उरलेली औषधे गोळा करण्याची योजना सरकारच्या औषध विभागाने काढली. तिची पहिली सुरुवात कोझिकोड शहरात आणि त्याबरोबर उल्लियेरी या ग्रामपंचायतीत झाली. कचरा नेणाऱ्या स्त्रियाच घरोघरची औषधे गोळा करितात, ठिकठिकाणी पेट्याही ठेविल्या आहेत, आणि जमलेला माल भट्टीत जाळण्यासाठी धाडला जातो. आपल्या ग्रामसभेत हा विषय मांडण्यास कोणाची परवानगी लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचा घातक कचरा पिवळ्या पिशवीत भरून जाळण्यास जातो, आणि त्या पिशवीत टाकावयाच्या वस्तूंत मुदत संपलेली औषधे आहेतच. गावकऱ्यांचीही त्याच वाटेने न्यावीत अशी लेखी मागणी पंचायतीने केल्यास निदान उत्तर तरी मिळेल. औषधाच्या दुकानदारास आधी विचारून पाहावे. कोणी घेतात, पण तो नकार देऊ लागला तर त्याच्याशी तंटा करू नये.

तोपर्यंत घरी काय करावे? सहा महिन्यांतून एकदा, समजा आगमनकाळाच्या व उपवासकाळाच्या सफाईत, डबा रिकामा करावा. नको असलेली औषधे एका झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताबाहेर, बाजूस काढावीत. ज्या शहरात असा कचरा स्वीकारतात तेथे घरचे कोणी जाणारे असेल तर त्याच्याबरोबर तो डबा द्यावा. पाकिटे तशीच ठेवावीत, म्हणजे घेणाऱ्यास औषधाचे नाव वाचता येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील व बाटलीवरील रोग्याचे नाव मात्र खोडून टाकावे. कोणास कोणता आजार आहे हे गावास कळण्याचे कारण नाही.

काहीच सोय नसेल तर पुढील रीत बरी. गोळ्या पाकिटातून काढाव्यात, पण कुटू नयेत. भुकटी श्वासात जाते. चहाचा चोथा, राख किंवा ओली माती यांत त्या व पातळ औषधे अशी मिसळावीत की कोणाही जनावरास वा पोरास ती खावीशी वाटू नयेत. हा गोळा जाड पिशवीत किंवा जुन्या डब्यात घट्ट बंद करून सुक्या कचऱ्याबरोबर पंचायतीच्या गाडीस द्यावा. विहिरीजवळ, ओढ्याकाठी किंवा परसात पुरू नये. कर्करोगावरील गोळ्यांना ही रीत लागू नाही. त्यांस हातही न लावता त्या इस्पितळातच परत द्याव्यात. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून बूच लावावे व बाटली आरोग्य केंद्रात न्यावी. कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात सुई गेली तर पुढे तिच्या घरी काय होईल, याचा विचार करावा. औषधाच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल किंवा शेतीचे औषध भरून ठेवण्याची सवय आजच सोडावी; आणि देवळातून पवित्र पाणी आणावयाचे तर त्यासाठी निराळी बाटली ठेवावी.

मुळात कमी उरावे हे सर्वांत उत्तम. नवे औषध सुरू होते तेव्हा प्रथम आठ दिवसांपुरतेच घ्यावे. मानवले नाही तर महिन्याचा साठा वाया जात नाही. दुकानदार पाकीट कापून देतो तेव्हा मुदतीचा कोपरा आपल्याकडे येईल असे पाहावे.

एक गोष्ट राहिली, आणि ती नाजूक आहे. घरी कर्करोगाचे किंवा असह्य वेदनेचे माणूस असेल तर डॉक्टर मॉर्फिनच्या गोळ्या किंवा कातडीस चिकटविण्याच्या फेंटॅनिलच्या पट्ट्या देतात. रोग्यास ही मोठीच दया आहे, परंतु ज्याचे शरीर त्या औषधास सरावलेले नाही त्यास, विशेषतः लहान मुलास, एक मात्राही प्राणघातक ठरू शकते. वापरून काढलेल्या पट्टीतही औषध शिल्लक राहते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये घरातील औषधांच्या विल्हेवाटीविषयी मार्गदर्शक पत्रक काढले. त्यात अशा १७ औषधांची यादी आहे. परत देण्याची सोय नसेल तर ती घरात न ठेवता संडासात टाकून पाणी सोडावे, असे त्यात सांगितले आहे. मोरीविषयी आम्ही वर जे लिहिले त्यास हा अपवाद होय. पाणी थोडे नासते, पण पोर वाचते.

असे रुग्ण वारल्यावर घर माणसांनी भरून जाते. मुले मोकळी हिंडत असतात, आणि त्यांच्याकडे पाहण्यास कोणास सवड नसते. त्या दिवसांत उशाशी राहिलेला डबा तसाच राहतो. म्हणून दफनाहून परत आल्यावर, सातव्या दिवसाच्या मिस्साची वाट न पाहता, घरातील एका जाणत्या माणसाने तो डबा ताब्यात घ्यावा, दुसऱ्या एकासमक्ष गोळ्या व पट्ट्या मोजून कागदावर लिहाव्यात, वापरलेल्या पट्ट्या चिकट बाजू आत करून दुमडाव्यात, आणि ज्या इस्पितळातून ते औषध आले तेथे तो कागद व डबा दोन्ही नेऊन द्यावेत.